वायरमन, नेटवाला, ईडीपी साहेब वगैरे

मागच्या उन्हाळ्यात अमळनेरकडे एका घरी स्थळ बघायला गेलो होतो. माझ्यासाठी नाही हो, मावसभावाच्या पोरासाठी, मी आपला गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून. पोरगा हिंजवडीला एका डेटा सेंटरमध्ये, रात्रपाळ्या करतो, राउटर-स्विच-फायरवॉल यातच त्याचा दिवस उगवतो आणि मावळतो, अवघड परीक्षा देऊन सर्टिफिकेटं घेतलेली, बायोडाटावर ठळक छापलेलं: नेटवर्क इंजिनिअर. ओसरीवर मुलीचे आजोबा बसलेले, पांढरं धोतर, टोपी, पुढ्यात पानाचा डबा. सगळे त्यांना आबा म्हणत होते. पोहे झाले, चहा झाला, कूलरच्या घरघरीत अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं, तेवढ्यात आबांनी विचारलं, "पोऱ्या काय करस?" कोणीतरी जोरात सांगितलं, नेटवर्कमध्ये आहे आबा, मोठी कंपनी आहे. आबांनी पान लावता लावता जरा विचार केला. "नेटवर्क म्हंजे वायरीस्नं काम ना? म्हंजे वायरमन शे." सगळी ओसरी हसली. पोरगाही हसला आणि म्हणाला, "हां आबा, तसंच समजा."

परत येताना पारोळ्याजवळ ढाब्यावर शेवभाजी खायला थांबलो. पोरगा मजेत, भाकरी कुस्करून रस्सा ओरपत होता. त्याचा बाप मात्र जेवलाच नाही धड, मधूनच म्हणायचा, "वायरमन म्हणे!" एवढी फी भरली, क्लास लावले, पुण्यात दोन वर्षं खोलीचं भाडं दिलं, ते काय वायरमन म्हणवून घ्यायला? मी दोघांच्या मधे बसलेलो. बापाचं दुखणं कळत होतं आणि पोराचं हसणंही खोटं वाटत नव्हतं. स्थळाचं पुढे काय झालं ते इथे सांगत नाही, पण तो एक शब्द बरेच दिवस डोक्यात फिरत राहिला.

कारण आबांनी ते टोचून म्हटलेलं नव्हतं, याची मला खात्री आहे. ज्या माणसानं आयुष्यभर रात्री-बेरात्री उठून विहिरीवर मोटार चालू केली, ज्याची केळी भर मे महिन्यात डीपी जळाल्यामुळे उभ्या उभ्या करपली असेल, त्याच्या लेखी वायरमन हा काही लहान माणूस नसतो. गावात वायरमनची मोटारसायकल शिरली की पारावरची माणसं उठून उभी राहतात. तिन्ही फेज येणार की नाही हे त्याच्या हातात. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच या सगळ्यांपेक्षा जास्त आर्जवानं चहा त्यालाच पाजला जातो. आबांनी आपल्या माहितीतली कामाची सगळ्यात मोठी पदवी नातजावयाला देऊन टाकली असावी, असं मला वाटतं. पण हे त्या दिवशी गाडीत बोललो असतो तर मावसभावानं मला एरंडोललाच उतरवलं असतं.

तसं बघायला गेलं तर या धंद्यातल्या माणसांना आपल्याकडे धड नाव कधी मिळालंच नाही. ज्याचं जे अडलं, तसं त्यानं नाव ठेवलं. साखर कारखान्यात तो ईडीपीवाला, शेतकऱ्यांची पेमेंट शीट त्याच्या खोलीतून निघायची म्हणून ईडीपी साहेब. ईडीपी म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, हे कारखान्यात फार कोणाला सांगता यायचं नाही, पण साहेब हा शब्द न विसरता लावायचे. बँकेत तो सिस्टीमवाला. भुसावळला रेल्वेत एस अँड टी, म्हणजे सिग्नल आणि टेलिकॉम. टेलिफोन खात्यात लाइनमन, आणि जमिनीखालची केबल जोडणारा तो जॉइंटर. जॉइंटर हा फार अवघड माणूस, शेकडो जोड्यांमधून रंग ओळखून एकेक जोडत खड्ड्यात तासन्‌तास बसलेला, वर छत्री लावलेली, आणि रस्त्यानं जाणारे येणारे विचारणार, अजून फोन नाही का चालू झाला? घरी येणारा तो कॉम्प्युटरवाला. मॉनिटर काळा पडला की तोच कॉम्प्युटरचा डॉक्टर, आणि बिल हातात ठेवलं की पुन्हा कॉम्प्युटरवाला.

तज्ज्ञ मात्र त्याला कोणी म्हणत नाही.

आमच्या जळगावात नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास होता. चपला जिन्यात काढायच्या, आत एसी, खाली हिरवं कार्पेट, खिडक्यांना जाड पडदे. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत थंडगार, निम्मी पोरं तर त्या गारव्यासाठीच बॅच चुकवत नसत. फॉक्सप्रो शिकवणारे ते सर. टाय लावायचे. आणि कोपऱ्यात एका स्टुलावर बसून कीबोर्डची बटणं उचकटून साफ करणारे ते बापू. बापूंचं आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद पडल्यावर क्लासच्या मालकानं त्यांना मशीन सांभाळायला ठेवलेलं. पोरं त्यांना मागे रेडिओवाले म्हणायची, आणि नोटीस बोर्डावरच्या फॅकल्टीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

त्या वेळचं नेटवर्क म्हणजे एकच काळी केबल, टीव्हीच्या डिशला असते तसली दिसायची, ती या मशीनच्या पाठीतून त्या मशीनच्या पाठीत अशी सगळ्या बाकांमागून फिरलेली. प्रत्येक मशीनला इंग्रजी टी अक्षराचा जोड. आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, करंगळीच्या पेराएवढी धातूची टोपी. आत काही यंत्रबिंत्र नाही, फक्त ५० ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा चिमुकला पार्ट. पण ती टोपी निघाली की संपलं, एक मशीन नाही, आख्खी खोली बंद. कारण सिग्नल उघड्या टोकापर्यंत जातो आणि तिथून परत फिरतो, कोरड्या विहिरीत हाक मारल्यावर आपलाच आवाज आपल्या पुढच्या शब्दावर येऊन आदळतो ना, तसं, मग कोणालाच कोणाचं काही कळत नाही. ५० ओहम त्या केबलच्या स्वभावाला जुळतं, म्हणून टोकाला आलेला सिग्नल तिथेच जिरतो.

एकदा प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी टोकाची टोपी गायब. कोणा पोरानं किल्ल्यांना लावायला काढून नेली असणार, दिसायला छान होती. सगळे पडदे काळे, सर्व्हरला हाक जात नाही. सरांनी टाय सैल केला आणि मुंबईला एसटीडी लावला, पार्ट कुरिअरनं यायला दोन दिवस. आम्ही पोरं आतून खूश, परीक्षा पुढे गेली म्हणून. बापू काही न बोलता अनवाणीच जिना उतरून गेले आणि आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन रेझिस्टर होते. मला ते अजून दिसतात, तपकिरी-काळा-तपकिरी, शेवटी सोनेरी पट्टी. शंभर-शंभर ओहमचे. दोन्हींचे पाय एकमेकांना पीळ देऊन शेजारी-शेजारी जोडले की होतात पन्नास. एक फालतू पडलेला कनेक्टर घेतला, सोल्डर गन तापवली, राळेचा तो वास खोलीभर पसरला, एक पाय मधल्या पिनेला, एक पाय कडेला, वरून काळी टेप. मल्टिमीटर लावून बघितला, मान हलवली, टोकाला फिरवून बसवला. एकेक पडद्यावर लॉगिन यायला लागलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून जो सुस्कारा सोडला तो आनंदाचा अजिबात नव्हता. सर म्हणाले, चला, बसा आपापल्या जागेवर. बापू परत स्टुलावर जाऊन कीबोर्ड उघडून बसले.

पुढे खूप वर्षांनी इंटरनेटवर भटकताना जार्गन फाइल हाताला लागली. अमेरिकेतल्या जुन्या संगणकवेड्या मंडळींची आपसातली बोली जमवलेली यादी, राफाएल फिंकेल यांनी १९७५ मध्ये स्टॅनफर्डला सुरू केली आणि मग लोक भर घालत गेले. त्यात एक शब्द आहे, वायरहेड. हार्डवेअरमधला, त्यातही नेटवर्कच्या वायरींमधला पक्का माणूस. आणि असा माणूस ओळखायचा कसा, तर म्हणे हा पठ्ठ्या सुट्या रेझिस्टरमधून इथरनेटचा, म्हणजे आमच्या क्लासातल्यासारख्या केबलच्या नेटवर्कचा, टर्मिनेटर जुळवून देतो. मी खुर्चीतच ताठ झालो. अहो हे तर आमचे बापू! तिकडे कुठेतरी प्रयोगशाळेत बसलेल्या लोकांनी नेमकी तीच करामत त्या जातीची खूण म्हणून लिहून ठेवलेली, आणि इकडे आम्ही त्या माणसाला रेडिओवाले म्हणत होतो. आता वायरहेड हा शब्दही काही फार मानाचा नाही, डोक्यात वायरी भरलेला, असाच त्याचा सूर. पण तो आपल्या माणसांनी आपल्या माणसाला दिलेला आहे. चेष्टा आहे पण त्यात, तू काय करतोस ते आम्हाला कळतं रे बाबा, हेही आहे. हे बापूंना कोणी कधी म्हटलं असेल का, शंका आहे.

त्या लोकांना नावं ठेवायची हौसच दिसते. बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ ला झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत इथरनेटची टिपणी लिहिली, डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ते उभं केलं, आणि नंतर जी जाड पिवळी केबल आली ती इतकी ताठ की तिला म्हणे गोठलेली पिवळी बागेची नळी म्हणायचे. तिच्यात दात रुतवून जोड घ्यायचा त्याला व्हॅम्पायर. मग आमच्या क्लासातली ती पातळ काळी स्वस्त केबल आली, १८५ मीटर आणि ३० मशीनपर्यंत चालणारी, तिला चीपरनेट. हे वाचून मला जरा बरं वाटलं. आपणच काटकसरी नाही.

आपल्याकडेही धंद्याच्या आत गेलं की नावं बदलतात, फक्त ती गिऱ्हाइकाच्या कानावर पडत नाहीत. गोलाणी मार्केटमध्ये एका ओळखीच्या दुकानात मी लॅपटॉप घेऊन बसायचो, काम होईपर्यंत ऐकत राहायचं. तिथे सगळ्यात मोठा मान चिपलेव्हलला. "तो चिपलेव्हल आहे" असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. म्हणजे बोर्ड बदलत नाही, बोर्डावरचा नेमका मेलेला आयसी नाहीतर मॉस्फेट शोधून काढतो, हॉट एअर मारून उचलतो, नवीन बसवतो. त्याच्या खालचा कार्डलेव्हल, हे कार्ड काढ, ते कार्ड लाव. आणि सगळ्यात खाली फॉरमॅटवाला. काहीही झालं तरी फॉरमॅट मारणारा. पंखा वाजतोय? फॉरमॅट. प्रिंटर कागद ओढत नाही? फॉरमॅट. हा शब्द तिथे ज्या आवाजात उच्चारतात, त्यापेक्षा आबांचा वायरमन शंभर पटीनं प्रेमळ होता.

आणि त्यातला खरा हुशार माणूस तुम्हाला बोलण्यावरून कळतच नाही. तो मशीन उघडण्याआधी ऐकतो. चालू केल्यावर थांबून थांबून लांब बीप येत राहिली तर रॅम, एक लांब आणि दोन आखूड आल्या तर डिस्प्ले कार्ड, जुन्या अ‍ॅवॉर्ड बायोसची ही भाषा त्या पिढीला तोंडपाठ. मग रॅम काढायची, शाळेतलं खोडरबर घेऊन सोनेरी पट्टीवर हलक्या हातानं घासायचं, फुंकर मारायची, परत बसवायची. निम्म्या खानदेशातले कॉम्प्युटर या खोडरबरावर चालले, आणि यात मी चेष्टा करत नाहीये. एक जण मला जामनेरकडच्या जिनिंगच्या ऑफिसात सोबत घेऊन गेला होता, हंगाम चालू, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. कॅबिनेट उघडलं तर आत मदरबोर्ड दिसेना, सगळी पांढरी तूस, प्रोसेसरच्या पंख्यावर तर दाबून बसवल्यासारखा थर. त्यानं चिमटीनं तो थर सबंध उचलला, गोल, मधे भोक पडलेला, आणि मुनीमजींच्या टेबलावर ठेवून म्हणाला, घ्या, वजन करून जमा करा. मुनीमजी हसले नाहीत. मग त्यानं मल्टिमीटर काढून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज बघितलं, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठे? मागे भिंतीपाशी होता, मीठ-कोळसा घालून कधीकाळी केलेला, पार वाळून गेलेला. दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. उन्हाळाभर रोज एक बादली टाका म्हणाला. बिलावर यातलं काय लिहिणार? सर्व्हिस चार्ज. मुनीमजींना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की यानं धूळ पुसायचे आणि पाणी घालायचे पैसे घेतले.

मला वाटतं या कामाची खरी पंचाईत इथेच आहे. चाललं की दिसत नाही. बंद पडलं की तोच माणूस दिसतो, म्हणून त्याचं तोंड आणि आपली अडचण ही जोडी मनात पक्की होते. कोणी सहज फोन करून असं म्हणत नाही, की आज नेट मस्त चालू आहे हो, म्हणून म्हटलं सांगावं. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर भरायला लागल्या तेव्हा काही महिने या पोरांना गावात फार भाव आला, घरोघरी नाश्ता करून जा म्हणायचे, ओट्यावर बसवायचे, लांबून का होईना. मग शाळा उघडल्या.

आता सगळं काचेवर आलंय. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांच्या केबलनं, जोडायची योजना मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, आणि खाजगीवाल्यांनी तर गल्लीबोळातून खांबाखांबावर काळ्या केबल लटकवल्या. त्याबरोबर नवा माणूस आला, हे धागे एकमेकांना जोडणारा स्प्लायसिंगवाला. बहुतेक विशी-बाविशीतली पोरं, पाठीवर बॅग, बॅगेत स्प्लायसिंग मशीन, ते मशीन मोटारसायकलपेक्षा महाग म्हणून जीव त्याच्यात. मध्यंतरी हायवेच्या कामात जेसीबीनं केबल तोडली, जुना सहा नंबर, आता ५३ म्हणतात तो. आमच्याकडचं नेट गेलं म्हणून मी चौकशी करत थेट तिथेच पोचलो, काही काम नव्हतं दुसरं. एक पोरगा रस्त्याच्या कडेला गाडीच्या सावलीत उकिडवा बसलेला. केबल सोलून आतले धागे पुसत होता आणि तोंडानं पुटपुटत होता, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. पाढे म्हणावेत तसं, एका लयीत. धाग्यातला ज्यातून उजेड जातो तो गाभा फक्त ९ मायक्रॉन, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. दोन टोकं मशीनमध्ये ठेवली, झाकण लावलं, छोट्या स्क्रीनवर ती एकमेकांसमोर सरकताना दिसली, एक ठिणगी, आणि जोडात उजेड किती वाया जातो त्याचा आकडा आला, ०.०२. पोरगा म्हणाला, झकास. वाऱ्यानं धूळ उडाली की झाकणावर दोन्ही हात धरायचा.

मी विचारलं, तुटलं नेमकं इथेच हे कसं कळलं? तर म्हणाला ओटीडीआर. केबलमध्ये उजेडाचा ठोका सोडायचा आणि परत काय येतं, किती वेळानं येतं ते मोजायचं, की मशीन सांगतं अमुक किलोमीटरवर तुटलंय. म्हणजे ज्या परत फिरणाऱ्या आवाजाला बापूंनी दोन रेझिस्टर जोडून गप्प केलं होतं, त्यालाच ही पोरं मुद्दाम हाक मारून पत्ता विचारतात. हे मी त्याला मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो, टर्मिनेटर, काळी केबल, क्लास वगैरे. त्यानं मान डोलावली, पण लक्ष सगळं राखाडी धाग्यात.

"घरमा काय सांगस रे, काय काम करस म्हणून?" मी विचारलं.

"माय सांगस पोऱ्या नेटमा शे," तो मान वर न करता म्हणाला. "बाप सांगस वायरा वढस."

"आणि तू?"

"मी कसाले सांगू? कोन्ही इचारतच नही ना भो."

दुसऱ्या आठवड्यात तोच आमच्या घरी आला, राउटरचा लाल दिवा घेऊन मी तक्रार केलेली म्हणून. खिडकीजवळची पॅच कॉर्ड काढून बघितली, टोक पुसलं, हिरवा दिवा आला, पाच मिनिटांचं काम. बायकोनं चहा दिला आणि नंबर मागितला, सेव्ह करून ठेवते म्हणाली. तिच्या फोनमध्ये आधीच एक 'नेट जुना' आहे, एक 'नेट केबलवाला', एक नुसताच 'वायफाय'. हिनं टाइप केलं, 'नेट नवीन'. मला उगाच अवघडल्यासारखं झालं, मी म्हटलं अगं नाव विचार ना त्याचं. पोरगा बशीतला चहा संपवून उठला. "काही पण लिहा काकू," म्हणाला, "फक्त ते राउटर खिडकीतून काढा, दुपारचं ऊन थेट पडतंय त्याच्यावर. आणि रविवारी कॉल लावू नका, मी उचलत नसतो."